घरचा कॉम्प्युटर, आबांच्या ओव्या आणि बॅकअप : प्रकल्प नोंदी

२१ मार्च २०२६, शनिवार, अमळनेर

पाडवा झाला, ऊन तापायला लागलं, आता घरच्या कॉम्प्युटरचं काम हातात घ्यायचं ठरवलंय. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, त्या गर्मीत मशीन दमतं आणि बिघडायचं असेल तर तेव्हाच बिघडतं, म्हणून जे करायचं ते आत्ताच.

घरात काय काय आहे ते आधी लिहून काढलं. एक असेंबल केलेला डेस्कटॉप, त्यात विंडोजसाठी छोटी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपची डिस्क) आणि डेटासाठी १ टीबीची हार्ड डिस्क. नवऱ्याचा लॅपटॉप, तो ऑफिसचा, त्याला हात लावायचा नाही. सगळ्यांचे मोबाइल. डेस्कटॉपवर आबांचं म्हणजे माझ्या सासऱ्यांचं लिखाण, माझी अकाउंटची कामं, शेताचे हिशोब, लग्नाकार्याचे फोटो.

यातलं खरं धन म्हणजे आबांचं फोल्डर. आबा मास्तर होते, बदली होईल त्या गावात म्हाताऱ्या बायांकडे बसून अहिराणी म्हणजे खानदेशी बोलीतल्या ओव्या, कानबाई या इकडच्या देवीची गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी लिहून घ्यायचे, आधी वहीत आणि २००३ पासून कॉम्प्युटरवर. त्यातल्या बहुतेक बाया आज नाहीत. बाकी सगळं परत मिळेल, सातबारा ऑनलाइन काढता येईल, बँकेचं स्टेटमेंट बँक देईल, पण हे गेलं तर ते आणायला जायचं कोणाकडे.

आज फक्त डिस्कची तब्येत बघितली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कचे आतले आकडे दाखवतं. एसएसडी ठीक, निळा रंग. हार्ड डिस्कला पिवळा, ‘कॉशन’. सी५ नंबरच्या ओळीत म्हणजे करंट पेंडिंग सेक्टरमध्ये शून्य पाहिजे होतं तिथे १८ दिसतंय. ते आकडे हेक्सामध्ये म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले असतात, सेटिंग बदलून साधे केले तर २४ निघाले. म्हणजे डिस्कवरच्या २४ जागा अशा आहेत की त्या वाचताना डिस्कला अडचण येतेय.

त्यामुळे कामाचा क्रम बदलला. साफसफाई नंतर, चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन तर अजिबात नाही, कारण दुखऱ्या डिस्कला रिपेअर करायला लावलं की ती आतली पूर्ण तबकडी चाळत बसते आणि कधी कधी तिथेच जीव सोडते. आधी कॉपी, मग बाकीचं.

२२ मार्च, रविवार

दिवसभर कॉपी. घरात एक पोर्टेबल डिस्क होती ती रिकामी करून घेतली. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट यूएसबी २ चे, त्यावर सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर जात नाही, मागच्या निळ्या पोर्टला लावल्यावर मोठ्या फाइल्सना १०० च्या आसपास मिळायला लागलं. एवढ्याशा गोष्टीने दुखऱ्या डिस्कचं काम एक तृतीयांश वेळात होतं, आणि तिला जितकं कमी पळवावं तितकं चांगलं.

डिस्क आधी एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली होती, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही आणि लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठा, म्हणून एनटीएफएस करून घेतली.

कॉपी-पेस्ट न करता रोबोकॉपी हे कमांडने चालणारं कॉपीचं साधन वापरलं, ते विंडोजमध्येच असतं. पण एक लक्षात ठेवायचं, रोबोकॉपीला काही सांगितलं नाही तर न वाचता येणाऱ्या फाइलसाठी ते १० लाख वेळा प्रयत्न करतं आणि प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबतं. चांगल्या डिस्कवर कळतही नाही, पण आजारी डिस्कवर हे म्हणजे एकाच फाइलवर अडून बसणं. म्हणून ‘आर’ (पुन्हा प्रयत्न) १ आणि ‘डब्ल्यू’ (थांबायचे सेकंद) १ असं दिलं, काय झालं त्याची नोंद म्हणजे लॉग फाइल लिहायला सांगितली. आणि ‘एमआयआर’ हा स्विच पहिल्या कॉपीला मी लावत नाही, तो सोर्समध्ये (जिथून घ्यायचं तिथे) जे नाही ते डेस्टिनेशनमधून (जिथे ठेवायचं तिथून) उडवतो, फोल्डर उलटसुलट दिले तर रिकामी डिस्क सोर्स ठरते आणि तो भरलेली डिस्कही तशीच रिकामी करून देतो.

पहिलं फोल्डर आबांचं. सगळं मिळून जेमतेम ६४० एमबी. एवढं आयुष्यभराचं काम, आणि चार मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळी लॉग बघितला. फोटोंमधल्या काही फाइल्स वाचता आल्या नाहीत, त्यांच्या कॉपी नशिबाने नणंदेच्या मोबाइलवर आहेत. आबांच्या फोल्डरमध्ये एकही एरर नाही. आबांना सांगितलं तर म्हणाले, “मंग आते जेवाले बस.”

२८ मार्च, शनिवार

साफसफाई. आमच्या गल्लीपासून जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना जवळ आहे, कापसाच्या सीझनमध्ये बारीक पिंज हवेत असतो आणि तो सगळा कॅबिनेटमध्ये ओढला जातो. बाजूचं पॅनल काढलं तर प्रोसेसरच्या हीटसिंकवर पांढरा थर, पंख्याखाली अगदी गोधडीतल्या कापसासारखा दाबून बसलेला. साध्या धुळीपेक्षा हे वाईट, धूळ फुंकरीने उडते, पिंज विणल्यासारखा अडकतो.

कसं काढलं ते लिहून ठेवते. मशीन बंद, मेन वायर काढलेली, पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून उरलेला करंट सोडला. अंगणात आणलं. आधी चिमटा आणि मऊ ब्रशने पिंज उचलला, मग ब्लोअर, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली. पंखा हवेने गरगर फिरला की तो उलटा करंट तयार करू शकतो आणि बेअरिंगही खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आतून लावायचा नाही, त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर स्टॅटिक जमतं.

प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवीन लावली, मटारच्या दाण्यापेक्षा लहान थेंब मधोमध, बस. आधी काम करताना ८८ डिग्री दाखवायचं, आता त्याच कामाला ६५. पंख्याचा आवाज तर इतका कमी झाला की सासूबाईंनी मशीन बंद आहे समजून त्यावर कापड टाकायला घेतलं.

मदरबोर्डची छोटी बटण बॅटरीही बदलली, सीआर२०३२, ३ व्होल्टची. जुनी मीटरवर २.६ दाखवत होती. ही उतरली की लाइट जाऊन आल्यावर तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की वेबसाइट उघडत नाहीत, शिवाय बॅकअपच्या फाइल्सवर खोट्या तारखा पडतात, नवी कोणती नि जुनी कोणती ते कळत नाही.

मशीनची जागाही बदलली. पश्चिमेच्या भिंतीला होतं, ती भिंत रात्री दहापर्यंत गरम असते. आता आतल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच स्टुलावर, कूलरच्या थेट झोतात नाही. कूलरची हवा गार वाटते पण ओली असते आणि धूळही तीच आणते.

२९ मार्च, रविवार

अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, घरात सगळ्यांना सवय झालेली. ही सवय लावून घ्यायची गोष्ट नव्हे. ओळखीच्या वायरमनला बोलावलं, त्याने मीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थमध्ये १४ व्होल्ट. दोन-तीनच्या आत पाहिजे. त्याने सॉकेटची ढिली वायर घट्ट केली आणि मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा दाखवला, कोरडा ठणठणीत, माती भेगाळलेली. कोरड्या मातीतून करंट नीट उतरत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाकत राहायचं असतं, पूर्वी लोक टाकायचेही. मीठ-कोळसा घालून बादलीभर पाणी ओतलं, थोड्या वेळाने मोजलं तर ३ च्या खाली. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यायचं, स्वतः उघडायचं नाही.

आता भांडी विसळलेलं पाणी सासूबाई त्या खड्ड्यात टाकतात.

यूपीएसची बॅटरीही त्यानेच तपासली, १२ व्होल्ट ७ एएच, संपलीच होती. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ डिग्रीला धरून सांगितलेलं असतं, त्यावर साधारण दर ८-१० डिग्रीला ते निम्मं होतं. पाकिटावरचं वाचून आपल्याकडे हिशोब करून उपयोग नाही, दोन उन्हाळे काढले की बदलायची असं धरून चालायचं.

३१ मार्च, मंगळवार

आज वर्ल्ड बॅकअप डे, २०११ पासून पाळतात. ३-२-१ चा नियम सगळे सांगतात : डेटाच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आमच्याकडे आज दोन कॉपी, दोन्ही एकाच खोलीत, त्यातली एक पिवळ्या डिस्कवर.

४ एप्रिल, शनिवार

जळगावला गोलाणी मार्केटला जाऊन आले. डेस्कटॉपसाठी १ टीबीची एसएसडी आणि दोन पोर्टेबल हार्ड डिस्क आणल्या. पोर्टेबलही एसएसडीच घ्या, फास्ट असते, असं दुकानदार प्रेमाने सांगत होता. पण कपाटात महिनोन्महिने करंटशिवाय पडून राहायला फिरती हार्ड डिस्कच बरी. एसएसडीमध्ये डेटा चार्जच्या रूपात असतो, आणि घरगुती एसएसडीचा ठरलेला निकष असा की पूर्ण वापरून झिजल्यावर ती ३० डिग्रीला वर्षभर करंटशिवाय डेटा धरेल. नवी एसएसडी त्याहून बराच काळ धरते, पण उष्णता वाढली की काळ कमी होतो आणि आमच्या कपाटात मे महिन्यात ३० कुठून असणार. रोज वापरायच्या कामाला एसएसडी, ठेवायच्या कामाला हार्ड डिस्क.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमचा प्रोसेसर जुना, विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांसाठी सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेत, अकाउंटने साइन इन करून सेटिंग सिंक केली की पैसेही लागत नाहीत, ते चालू करून घेतलं. ऑक्टोबरपर्यंत लिनक्स की नवं मशीन ते ठरवू. आबांच्या जुन्या सॉफ्टवेअरमुळे हे सोपं नाही.

५ एप्रिल, रविवार

नव्या एसएसडीवर डेटा चढवला, पिवळी डिस्क काढून तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावून ठेवली. एसएसडीला डीफ्रॅग (फाइलचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करायचं नसतं, विंडोज तिला स्वतः ट्रिम करतं म्हणजे पुसलेल्या जागा कळवतं, आपण फक्त ते ऑटोमॅटिक चालू आहे ना बघायचं.

जुन्या मोबाइलवर आबांनी केलेली रेकॉर्डिंग एएमआर फॉरमॅटमध्ये सापडली. मूळ फाइल्स तशाच ठेवून सोबत वेव्ह करून घेतल्या.

१८ एप्रिल, शनिवार

आखाजीला ताई म्हणजे नणंद धुळ्याहून माहेरी आल्यात, घर भरलंय, खापरावर मांडे चाललेत. त्यांचा लॅपटॉप सोबत होता म्हणून बॅकअपची खरी परीक्षा घेतली. कॉपी झाली, फाइल्स मोजून तेवढ्याच भरल्या, साइज जुळली, यावर मी समाधान मानत नाही. दुसऱ्याच्या मशीनवर, आपलं काहीही इन्स्टॉल नसताना, फाइल उघडून वाचता आली तर बॅकअप.

पोर्टेबल डिस्क लावली. फोटो उघडले, हिशोब उघडले, रेकॉर्डिंग वाजलं. आबांची पहिली फाइल उघडली आणि स्क्रीनवर सगळं इंग्रजी अक्षरं, कंस, टोपीवाली चिन्हं. दुसरी फाइल, तेच. ताई घाबरल्या, “वहिनी, आबांचं सगळं गेलं का?”

गेलं नव्हतं. २००३ साली मराठी टायपिंग म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख असे फॉन्ट. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी फाइलमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नाही तर ओवी नाही. आमच्या डेस्कटॉपवर ते फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये आहेत, आणि डॉक्युमेंटचा बॅकअप घेताना त्या फोल्डरकडे कोणाचंच लक्ष जात नाही. डेस्कटॉपची एसएसडी उद्या गेली असती तर ६४० एमबी आबांचं काम हातात असून वाचता आलं नसतं. मराठी घरांमध्ये, छापखान्यांत, पतसंस्थांत, शाळांत असा किती माल पडून असेल त्याचा विचार करून मला रात्री झोप लागली नाही, खरंच सांगते. लोक डिस्क जपतायत आणि फॉन्ट सोडतायत.

लगेच करायचं ते लगेच केलं. डेस्कटॉपवरून वापरातले सगळे जुने फॉन्ट, टीटीएफ फाइल्स, ‘आधी हे’ नावाच्या फोल्डरमध्ये घेतल्या, कोणत्या फाइलला कोणता फॉन्ट त्याची यादी टाकली, श्रीलिपीचं विकत घेतलेलं पॅकेज त्याच्या सीडीसकट जपून ठेवलं. मग प्रत्येक फाइलचा पीडीएफ, फॉन्ट त्यातच एम्बेड करून म्हणजे बसवून. ताईंच्या लॅपटॉपवर पीडीएफ उघडला, ओवी दिसली, आणि ताईंनी ती तिथेच म्हणून दाखवली, त्यांच्या आत्याची होती.

३ मे, रविवार

पीडीएफ बघायला ठीक, पण त्यात शोधता येत नाही, कॉपी केलं की पुन्हा तीच चिन्हं. म्हणून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो त्यात, आणायचं काम सुरू आहे. सकाळी सहा ते नऊ एवढंच, नंतर खोलीतच बसवत नाही.

कन्व्हर्टर बरंचसं काम करतात पण पूर्ण नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी कागदावर दिसते तशी, आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटा. साध्या अक्षराला कन्व्हर्टर सांभाळून घेतो, जोडाक्षर आलं की घसरतो : ‘परिस्थिती’चं ‘परिसि्थती’, ‘सूर्य’चं ‘सूयर्’. या दोन चुका शोधून बदलायच्या याद्या केल्या, बाकी प्रत्येक पान आबांच्या नजरेखालून. अहिराणीत ‘मन्हा’, ‘तुन्हा’, ‘त्यास्ना’ असे शब्द ओळीओळीला, तिथे कोणतंही स्पेलचेक मदत करत नाही, उलट ‘माझा’ सुचवतं. इथे आबाच पाहिजेत. ते वाचताना मध्येच थांबतात, ही ओवी कोणत्या गावची, कोणी सांगितली ते बोलतात, तेही मी त्याच फाइलच्या खाली लिहून घेते, वहीत ते नव्हतं.

ताई आखाजीनंतर धुळ्याला जाताना एक पोर्टेबल डिस्क घेऊन गेल्यात. तीच आमची घराबाहेरची कॉपी. आणि ठरवलंय असं की माहेरवाशीण येईल तेव्हा डिस्क बदलायची : आखाजीला एक जाईल, श्रावणात कानबाईला ती परत येऊन दुसरी जाईल, दिवाळीला पुन्हा. मोबाइलमधला रिमाइंडर माणूस पुसून टाकतो, आखाजी कोणी पुसत नाही.

धुळ्याच्या डिस्कवर आधार, पॅन, शेताचे कागद हे ७-झिप या सॉफ्टवेअरने पासवर्ड लावून, एईएस-२५६ या एन्क्रिप्शनमध्ये. विप्रोच्या शेअरचे जुने कागदही स्कॅन करून त्यातच टाकले. ती कंपनी १९४५ साली आमच्या अमळनेरात वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झाली, गावातल्या अनेक घरांत तिचे शेअर आहेत, पुढे तिने कॉम्प्युटरही बनवले. पासवर्ड कागदावर लिहून आमच्या आणि ताईंच्या लॉकरमध्ये. आबांच्या फोल्डरला मात्र कुलूप नाही, मुद्दाम. ते ज्याच्या हाती पडेल त्याने वाचावं.

२३ मे, शनिवार

मोबाइल. गूगल फोटोचं फुकट अमर्याद १ जून २०२१ ला बंद झालं, १५ जीबीत मेल, फोटो आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही मोजतात. सासूबाईंचं भरून मेल यायचं थांबलं होतं. व्हिडिओ बॅकअपमधून काढला, फोटो केबलने डेस्कटॉपवर घेतले. गुड मॉर्निंगचे फोटो त्यांना विचारून काढले, नातवाचा एकही नाही.

६ जून, शनिवार

काल संध्याकाळी वळवाचा पाऊस, विजा जोरात. पाऊस दिसायच्या आधीच, ढग गडगडले की, कॉम्प्युटर, यूपीएस आणि राउटरचे प्लग सॉकेटमधून काढायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अॅडॉप्टरमधून येते आणि तिथून लॅन केबलने मदरबोर्डपर्यंत. म्हणून लॅन केबलही काढायची. घरी असेल त्याने करायचं, मुलालाही दाखवून ठेवलंय. बॅकअपची डिस्क तर कॉपी झाली की लगेच काढून कपाटात, सतत लावून ठेवलेल्या डिस्कला विजेचा आणि व्हायरसचा दोन्हीचा तेवढाच धोका.

१४ जून, रविवार

आजपर्यंतचा हिशोब. आबांच्या ओव्या अर्ध्याहून जास्त युनिकोडमध्ये आल्या, आखाजीची गाणी पूर्ण, कानबाईची चालू आहेत, ती श्रावणाच्या आधी संपवायची कारण तेव्हाच डिस्क बदलणार. पेजमेकर या छपाईची पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या काही जुन्या फाइल्स अजून उघडायच्यात, त्यासाठी पिवळी डिस्क टाकून दिलेली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी डिस्कची तब्येत बघायची, त्याच दिवशी बॅकअपमधली कोणतीही एक फाइल ताईंना पाठवायची आणि त्यांनी ती उघडून पहिली ओळ फोनवर वाचून दाखवायची, असं दोघींचं ठरलंय. जूनची झाली. जुलैसाठी आबांनी चोपड्याकडच्या बायांची फाइल काढून ठेवलीये.